लॅपटॉपचा ‘उरलेला वेळ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बॅटरी अजून किती वेळ पुरेल म्हणून लॅपटॉप दाखवतो तो ‘उरलेला वेळ’ खोटा असतो, हे माझ्या लेखातलं वाक्य चूक आहे. तुमचा दोन वर्षांचा लॅपटॉप तीन तास म्हणतो आणि तीन तास चालतोच. आकडा खोटा असता तर कंपन्यांनी दाखवला असता का? आणि वॅटचे हिशेब मांडून मी साध्या माणसाला उगाच घाबरवतोय.

पहिला मुद्दा मान्य. ‘खोटा’ हा शब्द मी वापरायला नको होता, लेखातून तो काढला आहे. बॅटरीत उरलेल्या ऊर्जेला सध्याच्या खपाने भागायचं, एवढाच तो हिशेब. भागाकार बरोबरच असतो, पण तो धरून चालतो की आत्ता जे काम चाललंय तेच शेवटपर्यंत चालणार. तुम्ही दिवसभर दुकानांचे जमाखर्च लिहिता. एकच प्रोग्राम, स्क्रीनचा उजेड तेवढाच. तुमच्याकडे आकडा जुळतो तो त्यामुळे.

माझ्याकडे जुळत नाही. माझी बॅटरी आता पूर्ण चार्ज होऊन ४१ वॅट-तास (४१ वॅटचा खप एक तास पुरेल इतकी ऊर्जा) धरते, म्हणजे ६० टक्क्यांना साधारण साडेचोवीस. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना नाशिकरोड ते इगतपुरी मी नुसता मजकूर लिहितो. तेव्हा खप ७ वॅट, आणि एवढ्या ऊर्जेत साडेतीन तास निघतात. घाटात रेंज जाते-येते. कसारा मागे पडलं की हॉटस्पॉटवर व्हिडिओ मीटिंग सुरू होते, खप १८ वॅटवर जातो आणि तेवढ्याच ऊर्जेत एक तास वीस मिनिटं मिळतात. बॅटरी तीच, गाडी तीच.

कंपन्यांबद्दल विचारलंत. ॲपलने डिसेंबर २०१६ मध्ये, मॅकओएस सिएराच्या १०.१२.२ या आवृत्तीत, मेनूबारमधल्या बॅटरीच्या चिन्हाखालचा हा वेळ काढूनच टाकला. टक्के तेवढे ठेवले.

पण टक्केही डोळे झाकून धरू नका, आणि हे मूळ लेखात मी नीट लिहिलं नव्हतं. टाकीतलं पाणी काठी बुडवून मोजता येतं, तशी बॅटरीतली ऊर्जा थेट मोजता येत नाही. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट आणि रिकामा होताना ३ च्या आसपास असतो. मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज इतकं हळू उतरतं की त्यावरून ५५ टक्के की ४५, हे सांगणं कठीण. म्हणून बॅटरीतली चिप आत किती करंट गेला, बाहेर किती आला, याची सतत नोंद ठेवते. त्या नोंदीत बारीक चुका साठत जातात आणि बॅटरी पूर्ण भरली किंवा जवळजवळ संपली की दुरुस्त होतात. लॅपटॉप महिनोन्‌महिने चार्जरलाच लावून ठेवला तर ही दुरुस्ती नीट होत नाही.

बॅटरी जुनी झाली की आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. जोराचं काम निघालं की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि टक्के शिल्लक दिसत असतानाही लॅपटॉप बंद पडतो. माझ्या भाच्याचं हेच झालं. सिडकोत बहिणीकडे वीज गेलेली, त्याची ऑनलाइन परीक्षा तोंडावर. स्क्रीनवर १ तास ५० मिनिटं दिसत होती, म्हणून सगळे निर्धास्त. कॅमेरा आणि ब्राउझर सुरू होताच आकडा ५० मिनिटांवर आला आणि १८ टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली. पोराचा चेहरा मी विसरलेलो नाही. तो लेख मी त्यासाठीच लिहिला होता, कोणाला घाबरवायला नव्हे.

वॅट नको असतील तर सोडा. चार्जर काढा, टक्के लिहून ठेवा, जे काम करायचंय तेच अर्धा तास करा, पुन्हा टक्के बघा. ८० चे ६८ झाले तर अर्ध्या तासाला १२ गेले. शेवटचे २० हिशेबात धरायचेच नाहीत. उरले ४८, म्हणजे चार अर्धे तास. दुकानांचे जमाखर्च लिहिणाऱ्या तुम्हाला हे मी काय सांगावं!

तुमच्या शेवटच्या ओळीत आहे की जूनपासून हा लॅपटॉप इंजिनिअरिंगला जाणाऱ्या लेकीला देणार आहात. ती त्यावर कोडिंग करणार, व्हिडिओ बघणार, ऑनलाइन चाचण्या देणार. तुमचे तीन तास तिला मिळतीलच असं नाही. लॅपटॉपवर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून powercfg /batteryreport ही आज्ञा द्या. त्या रिपोर्टमध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता, दोन्ही मिलीवॅट-तासांत मिळतील. ते दोन आकडे आणि लेकीच्या हातून केलेल्या अर्ध्या तासाच्या चाचणीचे टक्के इथे लिहा. बॅटरी बदलायची गरज आहे का, ते आपण त्यावरून बघू. गरज नसेल तर तसंही स्पष्ट सांगेन.