एका माणसामागे पन्नास हजार? मग आमचं छप्पर का गळतंय?

परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी आईचा डबा परत द्यायला आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "काकू, राग मानू नका हं, पण तुमच्या ख्रिस्ती धर्मात एक माणूस आणला की पन्नास हजार मिळतात म्हणे. खरं काय?"

आई एकोणऐंशी वर्षांची. आयुष्यभर नर्सची नोकरी केली. आजही पेन्शन जमा झाली की पहिल्यांदा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, काढून देवाच्या पाकिटात घालते, मग वाण्याचं बघते. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मिळत असते तर पहिल्यांदा तुलाच नेलं असतं की गं. बावीस वर्षं शेजारी आहेस." दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

कारण तो मेसेज त्याच आठवड्यात मला चार ग्रुपवर आला होता आणि चारही वेळा मी तो अंगठ्यानं वर सरकवला होता. "जागो कोल्हापूरकर" अशी सुरुवात, मग पाच मुद्दे. एक, इथल्या चर्चना परदेशातून दरमहा कोट्यवधी येतात. दोन, एक माणूस बाटवला की पन्नास हजार, आणि एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात दरमहा पाचशे माणसं. तीन, रविवारी 'मिशन'साठी गोळा होणारा पैसा रोमला पोपकडे जातो. चार, शाळा-दवाखाने हे निव्वळ आमिष. पाच, याचा हिशेब कुणालाच द्यावा लागत नाही. शेवटी "पुढच्या दहा जणांना पाठवा". वहिनींनी आईला विचारलं नसतं तर पाचव्यांदाही मी सरकवलाच असता. पण सहा वर्षं आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार आहे, पैसे माझ्या हातून जातात, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं.

आधी तो पन्नास हजारांचा मुद्दा, कारण वहिनींच्या डोक्यात तोच बसला.

महिन्याला पाचशे गुणिले पन्नास हजार म्हणजे अडीच कोटी. वर्षाला तीस कोटी. एवढे पैसे कोल्हापुरात दरवर्षी वाटले जातात आणि लक्ष्मीपुरीतल्या एकाही व्यापाऱ्याला त्याचा वास येत नाही? बरं, पैसे सोडा, माणसं मोजू. महिन्याला पाचशे म्हणजे दहा वर्षांत साठ हजार. आता सरकारची जनगणना बघा. २००१ साली अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक होते सुमारे १० लाख ५८ हजार. २०११ साली सुमारे १० लाख ८० हजार. दहा वर्षांत वाढले बावीस हजारांच्या आसपास. मुंबई, वसई, पुणे, नगर सगळं धरून, आणि त्यात जन्माला आलेली पोरंही आली. लोकसंख्येतला वाटा तर १.०९ टक्क्यांवरून ०.९६ वर उतरला. मग आमच्या एका जिल्ह्यातले साठ हजार गेले कुठे? पंचगंगेत?

यावर कुणीतरी म्हणणारच की जनगणना जुनी झाली. झाली, मान्य. आणि दुसरंही एक मान्य करतो, मेसेज लिहिणाऱ्याला ते सुचलंही नसेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. त्यामुळे रविवारी उपासनेला येणारे काही जण कागदावर ख्रिस्ती नसतात. हे आहे, आणि आमच्यात ते सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याला पन्नास हजार रोख मिळतायत तो पोराचा जातीचा दाखला जाईल म्हणून जीव मुठीत धरून बसेल का? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आणि हो, आम्ही सुवार्ता, म्हणजे येशूची शिकवण, सांगतो. त्यात लपवायचं काय? घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क लिहिलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही. तेही आम्हाला मान्य. सांगणं आमचं, ऐकायचं की नाही ते ज्याचं त्याचं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. तंबू ठोकून, माइकवर ओरडून, तेल लावून कॅन्सर बरा करतो म्हणणारे आमच्यातही आहेत. ते कुणाला हिशेब देत नाहीत आणि त्यांच्यामुळे आमची मान खाली जाते. पण त्यांच्याविरुद्ध बोलायला मेसेजमध्ये एक ओळ नाही. सगळा राग पाकिटात वीस रुपये घालणाऱ्या म्हातारीवर.

ते पाकीट काय असतं, तेही सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिशनचं वेगळं पाकीट फिरतं. उपासना झाली की मागच्या खोलीत मी आणि आणखी दोघं बसतो. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, एक रबरबँडचा डबा, एक वही. पाकिटं फोडायची, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. एका पाकिटात दर महिन्याला चिकटपट्टी लावलेली वीसची नोट असते. कुणाची ते तिघांनाही माहीत आहे, कुणी बोलत नाही. एकजण मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, मी लिहितो, तिघांच्या सह्या. गेल्या महिन्यात मोजले ते नऊ हजार सातशे चाळीस.

यातून गडहिंग्लजच्या बाजूला काम करणाऱ्या एका सुवार्तिकाच्या मानधनाचा आमचा वाटा जातो. दोन पोरींच्या वसतिगृहाची फी जाते. नाताळच्या आधी कुष्ठरोग्यांना चादरी. कापणीच्या सणाला जरा बरं होतं. लोक तांदूळ, ऊस, नारळ, कोंबडी आणतात आणि चर्चच्या अंगणात लिलाव होतो. मागच्या वर्षी दहा किलोचा एक गुळाचा रवा तीनदा विकला गेला. जो घेई तो "पुन्हा लिलावात घाला" म्हणे. वहिनींच्या मिस्टरांनीच तो रवा मार्केट यार्डातल्या आपल्या गाळ्यावरून दिला होता, पैसे न घेता. त्यांना कुणी बाटवलं नाही.

आता पोप. मेसेज लिहिणाऱ्याला एवढं तरी कुणी सांगावं की आमची मंडळी प्रॉटेस्टंट, पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली. पोपशी आमचं १५१७ पासून जमत नाही. आमच्या पाकिटातला रुपया रोमला गेला तर आधी आमच्याच वडील मंडळींना झीट येईल. कॅथलिक बांधवांचं वेगळं. त्यांचं ऑक्टोबरातल्या मिशन रविवारचं अर्पण जगभरच्या मिशन निधीला जातं, आणि ते वेदीवरून जाहीर सांगून घेतात. त्यात गुपित कसलं?

आमचंही 'परदेशी मिशन' आहे बरं का. आमच्यातली एक नर्स नेपाळच्या डोंगरातल्या मिशन दवाखान्यात काम करते. मंडळीने तिला दोन स्वेटर, एक रजई आणि पुण्याहून गोरखपूरचं तिकीट काढून दिलं. पुढे बसने सोनौली, तिथली कमान ओलांडली की झाला आमचा परदेश. ट्रस्टचे पैसे मनाला येईल तसे बाहेर पाठवताही येत नाहीत. खास परवानगीशिवाय देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेवरची प्राप्तिकराची सवलत जाते. आणि पहिला मुद्दा म्हणतो पैसा परदेशातून येतो, तिसरा म्हणतो परदेशात जातो. मग तो कोल्हापुरात उतरतो कशाला, मिसळ खायला?

परदेशातून येणाऱ्या पैशाचं सांगायचं तर त्याला २०१० चा परदेशी अंशदान कायदा आहे. गृह मंत्रालयाकडे नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून पै न् पै आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरते. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक द्यावे लागतात. एका संस्थेला मिळालेली देणगी दुसरीला देता येत नाही, आणि कारभाराचा खर्च वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही. वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत हिशेब. आमिष दाखवून धर्मांतर केल्याबद्दल खटला चालू असेल तर नोंदणीच मिळत नाही. आणि त्याच कायद्यात धार्मिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायला स्पष्ट मुभाही आहे. आमच्या मंडळीकडे ही नोंदणी नाही, कारण कधी गरजच पडली नाही. पाचव्या मुद्द्याचंही उत्तर यातच आलं. त्याशिवाय प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टप्रमाणे ऑडिट होऊन धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. चार्टर्ड अकाउंटंट गृहस्थ आहेत, आमच्यातले नव्हेत, आणि एका हरवलेल्या रिक्षाभाड्याच्या पावतीवरून मला दोन तास उभं करतात.

एकेकाळी पैसा अमेरिकेतून यायचा, हे मात्र खरं. जुन्या इमारतींवर ते कोरलेलंच आहे. पण इथे आमिषाचा मुद्दा काढणाऱ्याने थोडा इतिहास वाचावा. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. शाळांवर त्यांचा भर, आणि नेमक्या याच गोष्टीवरून अमेरिकेतल्या त्यांच्या बोर्डाशी, म्हणजे त्यांना पाठवणाऱ्या मिशन संस्थेशी, त्यांचं फाटलं. बोर्डाचं म्हणणं, शाळा कमी करा, उपदेश करा. वाइल्डर ऐकेनात. पुढे कित्येक वर्षं त्यांनी कुठल्याही बोर्डाशिवाय इथं काम रेटलं, १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते आपल्याकडे घेईपर्यंत. शाळा हे नुसतं आमिष असतं तर आमिषासाठी मालकाशीच कोण भांडतं?

दवाखान्याचं काय सांगू. मिरजेचा वानलेस हा मिशन दवाखाना १८९४ सालचा. कोल्हापूर-सांगलीत असं घर शोधा ज्यातलं कुणी कधी "मिरजेला नेलं होतं" असं म्हणत नाही. वहिनींच्या सासऱ्यांचं पोटाचं ऑपरेशन तिथलंच. ते परत आले, आणखी वीस वर्षं जगले, दर वर्षी जोतिबाला गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्यात होता, तेव्हा आमच्या महिला मंडळाने तीन दिवस भाकऱ्या थापल्या. तालमीची पोरं टेम्पो घेऊन आली, भाकऱ्या नेल्या, आमच्याच पिशव्यांत गुरुद्वाराची डाळ आणि मशिदीतला भात भरून पुढे गेले. पूरग्रस्ताला कुणी विचारलं नाही की ही भाकरी कुणाची. हेही आमच्या वहीत 'मिशन' याच खात्यावर लिहिलंय: पीठ, मीठ, गॅसची एक टाकी.

एवढं सगळं मी अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, कुणी विचारलं, "एवढं मोठं कोण वाचणार?" बरोबर आहे. म्हणून सोपं सांगतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेदहाला या. मागच्या खोलीत पाकिटं फोडताना बसा, हवं तर तुम्हीच मोजा. चहा पाळकसाहेबांच्या घरून येतो. फक्त दाराजवळ एक निळी बादली आहे, पत्रा तिथेच गळतो. अंधारात तेवढी लाथाडू नका.