एका प्रतिक्रियेला उत्तर: देगू, बोल्ट आणि तो फॉल्स स्टार्ट

देगूच्या शंभर मीटरवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून स्वतंत्र लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 28 ऑगस्ट 2011 रोजी दक्षिण कोरियातल्या देगू इथे जागतिक अजिंक्यपद मैदानी स्पर्धेत पुरुषांच्या शंभर मीटरची अंतिम शर्यत होती. उसेन बोल्ट पिस्तूल वाजण्याआधीच सुटला आणि बाद झाला. त्याच्याच देशाच्या योहान ब्लेकनं 9.92 सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. मी लिहिलं होतं की बोल्टला बाद करणं योग्यच होतं आणि 1 जानेवारी 2010 पासून आलेला ‘पहिल्याच फॉल्स स्टार्टला (म्हणजे पिस्तुलाआधी सुटण्याला) बाहेर’ हा नियम त्याआधीच्या दोन्ही नियमांपेक्षा न्यायाचा आहे.

तुम्ही चार आक्षेप घेतलेत: ब्लेकचा पाय आधी हलला होता, 0.100 सेकंदाची मर्यादा (पिस्तुलानंतर इतक्या वेळाच्या आत जो हलला त्यानं आवाजाची वाट पाहिली नाही असं धरतात) शास्त्राला धरून नाही, नियम टीव्हीच्या सोयीसाठी बदलला, आणि मी किम कॉलिन्सची वेळ चुकीची दिली. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेख वाचून स्पष्ट कळतं की लेखकानं आयुष्यात कधी स्टार्टिंग ब्लॉकला पाय लावलेला नाही, सोफ्यावर बसून दुसऱ्याला बाद करणं सोपं असतं.’

आधी चूक मान्य करतो. कॉलिन्सची कांस्यपदकाची वेळ 10.09 आहे, मी 10.19 लिहिली होती. 10.19 ही चौथ्या आलेल्या क्रिस्तोफ लमेत्रची वेळ. तक्ता उतरवताना एक ओळ खाली घसरलो. दुरुस्ती केली आहे, आणि ती दाखवून दिल्याबद्दल मनापासून आभार. मात्र त्या एका आकड्यावरून ‘मग बाकीचं तरी कशावरून खरं’ असं जे तुम्ही विचारलंत, ते मला अजिबात रुचलं नाही. ब्लेकची वेळ बरोबर होती, दुसऱ्या आलेल्या वॉल्टर डिक्सची 10.08 बरोबर होती, नियमाच्या तारखा बरोबर होत्या. चूक दाखवणं वेगळं आणि चूक सापडली म्हणून समोरच्याला खोटारडा ठरवणं वेगळं.

आता ते सोफ्याचं वाक्य.

मी शाळेत आठवीपासून शंभर आणि दोनशे मीटर धावत होतो. कॉलेजची पाचही वर्षं धावलो. मातीचा ट्रॅक, चुन्यानं आखलेल्या लेन, आणि ब्लॉक म्हणजे जमिनीत खिळे ठोकून बसवलेली लोखंडी पट्टी. स्टार्टर, म्हणजे पिस्तूल वाजवणारा पंच, खिळे नीट बसलेत का ते बघायचा नाही, आपणच लाथ मारून बघायचं. डावा पाय पुढच्या पॅडवर, उजवा मागच्या. ‘सेट’ म्हटल्यावर कंबर वर जाते, सगळं वजन बोटांवर येतं आणि श्वास आपोआप थांबतो. ते दीड-दोन सेकंद मी शेकडो वेळा अनुभवले आहेत. ब्लॉकला पाय लावलेला नाही म्हणता? माझ्या उजव्या टाचेचा स्नायूबंध अजूनही थंडीत आखडतो, तो त्या ब्लॉकमुळेच.

ही गोष्ट मी लेखात लिहिली नव्हती, कारण लेख बोल्टचा होता, माझा नव्हता. तुम्ही भाग पाडलंत म्हणून लिहितो. 2005 साली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, मी शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत पोचलो होतो. तेव्हा नियम असा होता की पहिला फॉल्स स्टार्ट कोणीही केला तरी ताकीद सगळ्यांना मिळायची आणि त्यानंतर जो कोणी आधी हलेल तो बाहेर. माझ्या डाव्या लेनमधला मुलगा पिस्तुलाच्या कितीतरी आधी सुटला. सगळे परत आलो. ताकीद मिळाली. दुसऱ्या वेळी ‘सेट’ झालं आणि माझा खांदा पुढे गेला. किती गेला ते मला आजही सांगता येणार नाही. तिथे सेन्सर नव्हते, स्टार्टरची नजर होती. त्यानं माझ्याकडे बोट केलं. मी बाजूला जाऊन उभा राहिलो आणि उरलेल्यांची पावलं ऐकली. दोन वर्षांची मेहनत अकरा सेकंदांत माझ्याशिवाय संपली.

ज्यानं पहिली उडी मारली तो दुसरा आला. नंतर पाणी पिताना त्यानं मला सहज सांगितलं की ती उडी ठरवून मारली होती. त्याची सुरुवात मंद होती, आणि एकदा सगळ्यांना ताकीद मिळाली की चांगली सुरुवात असलेले पोरं घाबरून ब्लॉकमध्ये थांबून राहतात, हे त्याला कोणीतरी शिकवलं होतं. नियमात बसत होतं. त्याला कसलीच शिक्षा नव्हती.

म्हणून मी 2010 च्या नियमाच्या बाजूनं बोलतो. सोफ्यावरून नाही, त्या चुन्याच्या रेषेमागून बोलतो. तुम्ही कुठून बोलता ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही, पण माझ्याबद्दल असं लिहिण्याआधी एक ओळ लिहून विचारता आलं असतं.

आणि हे फक्त माझ्यापुरतं नव्हतं. 2003 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत काय झालं ते आठवा. शंभर मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीत आधी एकाचा फॉल्स स्टार्ट होऊन गेलेला, ताकीद सगळ्यांच्या डोक्यावर. पुढच्या सुरुवातीला असाफा पॉवेलची प्रतिक्रिया 0.086 सेकंद आणि जॉन ड्रमंडची 0.052 नोंदली गेली आणि दोघंही बाद. ड्रमंड आपण हललोच नाही म्हणत ट्रॅकवर आडवा झाला आणि उठेना. लोक त्या आडव्या पडलेल्या माणसावर हसले. मला हसू आलं नाही. पहिली चूक एकाची आणि दोरी दुसऱ्याच्या गळ्यात, हा त्या नियमाचा गाभाच होता. त्याच्याही आधीच्या नियमात प्रत्येकाला एक चूक माफ असायची. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आदल्या वेळचा विजेता लिनफर्ड ख्रिस्ती अंतिम शर्यतीत दोनदा आधी सुटला, बाद झाला आणि तरी लवकर जायला तयार होईना. बाकीचे धावपटू तापलेलं अंग घेऊन ताटकळत राहिले. डोनोव्हन बेलीनं त्यातूनही 9.84 चा विश्वविक्रम केला, हे त्याचं मोठेपण. नियमाचं नव्हे.

देगूमध्ये ज्यानं चूक केली तोच गेला. शेजारचा गेला नाही. ताकीद सगळ्यांना देऊन शिक्षा भलत्याला झाली नाही. मला न्याय म्हणून एवढंच हवं होतं, 2005 मध्येही एवढंच हवं होतं.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. ब्लेकचा पाय थरथरला हे चित्रफितीत मीही पाहिलं आहे, पण पंचांनी त्याचा फॉल्स स्टार्ट धरला नाही, आणि शेजाऱ्याचा पाय हलला म्हणून आपण पळत सुटायचं नसतं, पिस्तुलासाठी थांबायचं असतं. हे शाळेतल्या पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात. 0.100 सेकंदाबद्दल तुम्ही फिनलंडमधल्या 2009 च्या संशोधनाचा दाखला दिलात, त्यात ही मर्यादा खाली आणावी असं सुचवलं होतं हे खरं आहे. 2022 मध्ये यूजीनच्या जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत डेव्हन ॲलन 0.099 वर बाद झाला तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. पण तो मुद्दा बोल्टला लागूच होत नाही. बोल्ट आवाजानंतर लवकर हलला नव्हता, तो आवाजाच्या आधी हलला होता. मर्यादा 0.080 केली असती तरी तो बादच होता. आणि टीव्हीची सोय? असेलही. शर्यत वेळेवर सुरू होण्यात धावपटूंचीही सोय असते, ब्लॉकमध्ये तीन-तीनदा बसून उठलेल्या कोणालाही विचारा.

‘प्रेक्षकांची शर्यत चोरली’ हे तुमचं वाक्य मात्र मला टोचलं, कारण त्या दिवशी मीही बोल्टला बघायलाच बसलो होतो. कोणी काही दाखवण्याआधी त्यानं स्वतःच जर्सी ओढून काढली. त्याला कळलं होतं. मी उठून खोलीतून बाहेर गेलो आणि ब्लेकची शर्यत अर्धीच पाहिली. याचा अर्थ मला दुःख झालं नाही असा नाही. दुःख झालं म्हणून नियम चुकीचा ठरत नाही एवढंच. त्याच स्पर्धेत पुढच्या शनिवारी बोल्ट दोनशे मीटरला ब्लॉकमधून सावकाश उठला आणि 19.40 मध्ये जिंकला. दुसऱ्या दिवशी रिलेत जमैकानं 37.04 चा विश्वविक्रम केला. शंभर मीटरला पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये 9.63, त्याच्या पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत मॉस्कोच्या पावसात 9.77, दोन्ही याच नियमाखाली. नियमानं त्याचं धावणं संपवलं असं जे तुम्ही सुचवता, त्याला आधार कुठे आहे?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ते सोफ्याचं वाक्य तुम्ही स्वतः मागे घ्याल अशी अपेक्षा आहे. नाही घेतलंत तरी उरलेल्या मुद्द्यांवर अजून लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. कॉलिन्सची वेळ लेखात दोन ठिकाणी होती. खालची जागा आज दुपारी सापडली, तिथेही आता 10.09 केलं आहे.