‘वॉकिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग’ला अडाणी इंग्रजी म्हणू नका

साताऱ्यातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘वॉकिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग’ हे वाक्य देऊन त्यात विचारलंय: पाऊस चालत घरी जातो का? पुढे म्हटलंय की सुरुवातीच्या ‘-इंग’ क्रियेचा कर्ता तोच हवा जो मुख्य वाक्याचा कर्ता; हे अडाणी इंग्रजी, मराठीत विचार केल्यामुळे होतं, इंग्रज असं कधीच बोलत नाहीत आणि या नियमाला अपवाद नाही.

परवा माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहावीच्या मुलीनं वही पुढे केली. अशाच एका वाक्याखाली दोन लाल रेघा आणि बाजूला शेरा, ‘मराठी इंग्लिश’. त्यानंतरच्या निबंधात तिचं एकही वाक्य सहा-सात शब्दांपलीकडे गेलेलं नाही. हे मला लागलं.

इंग्रज असं बोलत नाहीत? शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात राजाचं भूत आपल्या मृत्यूची पसरवलेली कहाणी सांगतं: ‘स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.’ मेसेजच्या हिशेबानं इथे साप बागेत झोपलेला हवा. झोपला होता राजा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आज रोजच्या बोलण्यात अशी वाक्यं सर्रास येतात, आणि मुख्य वाक्यात पावसापाण्याचा ‘इट’ असला तर ती खटकतही नाहीत.

अपवाद नाही, हेही चूक. ‘कन्सिडरिंग हिज एज, ही वॉक्स फास्ट’ यात वय विचारात घेणारा तो नव्हे, आपण. ‘जनरली स्पीकिंग’चंही तेच. नियमांच्या बाबतीत काटेकोर असलेल्या फाउलर या इंग्रज कोशकारानंसुद्धा इंग्रजीच्या वापरावरच्या १९२६च्या आपल्या कोशात लिहून ठेवलंय की अशी काही रूपं हळूहळू शब्दयोगी किंवा क्रियाविशेषणं बनत जातात.

आता मराठीचं. आपण ‘राजवाड्यावरून घरी येताना पाऊस लागला’ म्हणतो. ‘साताऱ्यात येऊन वीस वर्षं झाली’ म्हणतो. आलो आपण, वर्षं नव्हेत! कर्ता उघड असला की मराठी तो गाळते, आणि त्यात भाषेचा डौल आहे, अडाणीपणा नाही. मुलांना इंग्रजीतलं तसं वाक्य जवळचं वाटतं ते यामुळेच, एवढं मी मान्य करतो. पण शेक्सपिअरला काही मराठी येत नव्हतं. ही सवय इंग्रजीची स्वतःची आहे.

मी लाल पेन उचलतो ते वेगळ्या ठिकाणी. ‘प्लेइंग विथ द डॉग, माय ब्रदर फेल.’ कुत्र्याशी मी खेळत होतो, पण वाचणारा भावाला खेळवतो. इथे अर्थच फिरला, तेव्हा दुरुस्ती हवीच. बोर्डाच्या पेपरातही धोका नको: ‘अ‍ॅज आय वॉज वॉकिंग होम’ लिहा, गुण कापायला जागाच राहत नाही.

त्या मुलीच्या वहीत मी पावसाची दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून दिली. एकापुढे ‘पेपरात’, दुसऱ्यापुढे ‘बोलताना’. ‘मराठी इंग्लिश’ हा शेरा तेवढा खोडला.