सुईचं सोवळं

पुण्यात सध्या डीजेवरून दोन भांडणं एकाच वेळी चालू आहेत आणि दोन्हींचा आवाज इकडे ओसाकापर्यंत येतो. पहिलं सगळ्यांच्या ओळखीचं: विसर्जनाला ढोल-ताशा की डीजे, स्पीकरच्या भिंतींवर बंदी असावी की नसावी. दुसरं त्या मानाने लहान, हळदी-लग्नांत आणि क्लबमध्ये वाजवणाऱ्या पोरांमधलं. माझा भाचा या दुसऱ्यात सापडलाय. तो लॅपटॉप आणि कंट्रोलरवर, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या बटणं-चकत्यांच्या पेटाऱ्यावर वाजवतो. तबकड्यांवर हात बसवलेल्या एका जुन्या जाणत्याने त्याला चारचौघांत सुनावलं की सिंकचं, म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण दाबणारे डीजे नव्हेत, ऑपरेटर. भाचा फोनवर चिडून म्हणाला, "मामा, तू टर्नटेबलच्या गावात राहतोस. तूच सांग आता."

टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचं गाव हे तसं खरंच आहे. ओसाकाला खेटून असलेल्या कादोमात पॅनासॉनिकचं मुख्यालय आहे. कंपनीचं जुनं नाव मात्सुशिता, आणि टेक्निक्स हा तिचाच ब्रँड. 1972 साली टेक्निक्सचं एसएल-1200 बाजारात आलं ते घरी आरामखुर्चीत बसून रेकॉर्डी ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. जुन्या टर्नटेबलमध्ये मोटर बाजूला असायची आणि रबरी पट्टा तबक, म्हणजे तबकडी ठेवायची थाळी, फिरवायचा. हाताने तबकडी धरली की पट्टा घसरायचा, सोडली की वेग पकडायला वेळ लागायचा. एसएल-1200 ची मोटर थेट तबकाखाली. मध्ये निसरडा फेल्टचा तुकडा टाकला की वर तबकडी बोटांनी रोखून धरा, खाली तबक आपल्या गतीने फिरत राहतं. बोटं उचलली की गाणं तत्क्षणी पूर्ण वेगात. 1979 च्या एमके-2 मॉडेलवर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकती दांडी आली आणि जगभरच्या डीजेंना आपलं वाद्य मिळालं.

पण वाद्य यायच्या आधीच वादक तयार झाले होते. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत जमैकाहून आलेल्या कूल हर्क या डीजेने वाजवलं. गाण्यात नुसते ड्रम उरतात त्या जागेला पोरं सर्वांत जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर खडूने खुणा करून तो तुकडा नेमका कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी वाचायची सोय केली. ग्रँड विझर्ड थिओडोर या पोरसवदा डीजेने तबकडी मागेपुढे घासून स्क्रॅच काढला. रेकॉर्डला बोट लावायचं नाही, हे ज्या काळी घरोघरी मुलांना बजावलं जायचं त्या काळातली ही गोष्ट. आज ज्याला अस्सल म्हणून मिरवलं जातं, त्याची सुरुवात यंत्राचा गैरवापर करण्यातून झाली.

आणखी एक. हर्कच्या मागे जमैकातल्या साउंड सिस्टिमची परंपरा होती: अवाढव्य स्पीकर, रस्त्यावरचा नाच, शेजाऱ्यापेक्षा आपला बेस मोठा. आपल्याकडचे काही सुसंस्कृत लोक म्हणतात की ट्रॉलीवरच्या भिंतीचा आणि 'खऱ्या' डीजेकलेचा काही संबंध नाही. संबंध आहे, चांगला जवळचा आहे. आवडो न आवडो.

आता त्या जुन्या जाणत्याच्या मुद्द्याकडे येतो. अमेरिकामुरा म्हणून ओसाकातला एक भाग आहे, जुन्या कपड्यांची दुकानं, रेकॉर्डची दुकानं आणि तळघरातले बार यांनी भरलेला. तिथल्या एका बारमधल्या डीजेने मला एकदा आपली काळी तबकडी हातात दिली. लेबलवर गाण्याचं नाव नाही, फक्त एका कडेला पांढऱ्या टेपची चिकटपट्टी, घड्याळाच्या काट्यासारखी खूण म्हणून. त्याने लॅपटॉपची वायर काढली आणि सुई ठेवली. स्पीकरमधून फक्त एकसुरी कर्कश शिट्टी आली. तबकडी मागे ओढली की ती खाली घसरे, पुढे ढकलली की वर चढे. त्या तबकडीत संगीत नावाला नव्हतं. लॅपटॉप त्या शिट्टीवरून सुई कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने चालली आहे एवढंच वाचतो आणि आपल्यातलं गाणं तसं हलवतो. वायर परत जोडली आणि त्याच तबकडीतून जुना फंक वाजायला लागला. त्याच्या डाव्या हाताची बोटं तबकडीवर आणि उजव्या हाताचा अंगठा क्रॉसफेडरवर, म्हणजे एका गाण्याचा आवाज बंद करून दुसऱ्याचा उघडणाऱ्या दांडीवर, जे करत होते, ते खऱ्या रेकॉर्डवर करतात त्याहून तसूभर वेगळं नव्हतं.

हा डीजे डिजिटल की टर्नटेबलिस्ट, म्हणजे टर्नटेबल वाद्यासारखं वाजवणारा? हे तंत्र या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडच्या मंडळींनी फायनल स्क्रॅच या नावाने आणलं, 2004 साली न्यूझीलंडच्या सेराटो या कंपनीने ते सोपं करून घरोघरी पोचवलं. डीएमसी ही टर्नटेबलिस्टांची जागतिक स्पर्धा, 1980 च्या दशकापासून चालत आलेली. तिथेही 2010 नंतर ही शिट्टीवाली तबकडी चालू लागली. ज्या स्पर्धेच्या नावाने शपथा घेतल्या जातात तिनेच सोवळं सोडलं. 2017 साली तिथे जगज्जेता ठरलेला डीजे रेना हा जपानी मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. डिजिटल विरुद्ध तबकडी अशी सरळ रेघ मारायला गेलं, तर ती या क्षेत्रातल्या उत्तमोत्तम माणसांच्या मधोमध जाते.

सिंकचं मात्र वेगळं आहे. एका कानावर हेडफोन लावून दुसऱ्या गाण्याचा ठोका ऐकायचा, दांडी केसभर सरकवायची, तबकडीला कडेने हलका धक्का द्यायचा आणि दोन गाणी एका लयीत आणायची, हे बीटमॅचिंग. ते जमायला महिनोन् महिने घासावं लागतं, आणि सिंक ते पापणी लवायच्या आत करून देतं. ज्याने घासलं त्याला राग येणार, हे समजू शकतं. पण नाचणाऱ्याला दोन गाणी लयीत मिळाल्याशी मतलब. ती कानाने मिळवली की बटणाने, हे त्याला कळतही नाही. मग डीजेकडे उरतं काय? कोणतं गाणं, कोणाच्या नंतर, आणि कधी.

माझी कसोटी एवढीच: वाजवायला उभा राहिला तेव्हा पुढचं गाणं ठरायचं बाकी होतं का? बाकी असेल तर तो डीजे, हातात काहीही असो. गंमत अशी की या कसोटीवर टर्नटेबलिस्टच अडचणीत येतो. डीएमसीच्या अंतिम फेरीतला सहा मिनिटांचा कार्यक्रम सेकंदासेकंदाला बांधलेला असतो, वर्षभर घोटलेला. तिथे समोरच्यांकडे बघून बदलायला वाव जवळजवळ नसतोच. म्हणून तो खोटा ठरत नाही. एकल तबलावादन आणि गायकाची साथ यांत जो फरक, तोच इथे आहे. कायदे-रेले तयारीने मांडणारा आणि गायकाच्या श्वासाबरोबर ठेका सैल-घट्ट करणारा, दोघेही तबलजी. पण एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजायला गेलात तर भांडणं होणारच. पुण्याच्या त्या जाणत्याने भाच्याला एकलवादनाच्या परीक्षेत बसवलं, जिचा अर्जच त्याने भरला नव्हता.

भाच्याची बाजू मात्र मी सगळी घेणार नाही. तबकड्यांच्या काळात डीजे एका रात्रीला रेकॉर्डींच्या एक-दोन पेट्या उचलून नेऊ शकायचा. प्रत्येक रेकॉर्ड पैसे मोजून घेतलेली, त्यामुळे तिचा कोपरा न् कोपरा पाठ. आज पेनड्राइव्हवर हजारो गाणी असतात आणि वाजतात तीच पन्नास. शिवाय डोळे स्क्रीनला चिकटलेले. स्क्रीनवर दिसणाऱ्या दोन गाण्यांच्या रंगीत लाटा एकमेकींवर बसल्या की नाही हे बघण्याच्या नादात समोरच्या कोपऱ्यातली माणसं कधी बसली हे कळतच नाही. लॅपटॉपवाल्यांना नावं ठेवायचीच असतील तर इथे ठेवा. (भाच्याने वर मला जुनं एसएल-1200 पाठवायला सांगितलंय. ते धूड दहा किलोच्या वर, आणि जपानी घरगुती मॉडेल 100 व्होल्टवर चालतं. पुण्यात थेट भिंतीत खुपसलं तर त्याचे बारा वाजतील.)

यंत्रावरून माणसाची लायकी ठरवण्याची खोड आपल्याला नवी नाही. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, सूर पाश्चात्त्य, असे आक्षेप होते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या चुकीचेही नव्हते. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तोवर महाराष्ट्रात नाट्यसंगीतापासून भजनापर्यंत पेटीशिवाय पान हलत नव्हतं. आज शास्त्रीय बैठकीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू असतो आणि कोणी भुवई उंचावत नाही.

आता पहिल्या भांडणाबद्दल, म्हणजे बंदीबद्दल. जपानने तोही धडा गिरवलाय. 1948 च्या एका कायद्यानुसार गिऱ्हाइकं नाचतात अशा जागेला खास परवाना लागायचा आणि परवाना असला तरी मध्यरात्रीच्या सुमारास नाच बंद. कितीतरी वर्षं पोलीस काणाडोळा करत होते. मग 2010 मध्ये अमेरिकामुरात एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि ओसाकात धाडसत्र सुरू झालं. 2012 मध्ये नून नावाच्या क्लबवर धाड पडली, मालकावर खटला भरला. बारमध्ये 'नाचण्यास मनाई' अशा पाट्या लागल्या. कायदा बदला म्हणून दीड लाखाहून अधिक सह्या गोळा झाल्या, संगीतकार र्यूइची साकामोतो त्या मोहिमेत होते. 2014 मध्ये न्यायालयाने मालकाला निर्दोष सोडलं, आणि 2016 पासून सुधारित कायदा लागू झाला: दिव्यांचा उजेड 10 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त असेल तर परवाना घेऊन रात्रभर नाचा. म्हणजे नाचावर न बोलता उजेड मोजायचा.

आपल्याकडे मोजायचं काय ते ठरलेलं आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, सणासुदीचे मोजके दिवस बारापर्यंत सूट. 2018 मध्ये ऐन गणपतीत साउंडवाल्यांच्या संघटनेने बंदी उठवा म्हणून उच्च न्यायालय गाठलं, तेव्हाही दिलासा मिळाला नाही. मला ते योग्यच वाटलं. पण त्याच नियमात पथकांचे शेकडो ढोल कसे बसतात, हा प्रश्न विचारला की लगेच संस्कृतीचा विषय निघतो. डेसिबलला संस्कृती कळत नाही. मोजायचं तर सगळ्यांचं मोजा.

आणि ट्रॉलीवर बसलेल्या त्या पोराला कलाकार म्हणायचं की नाही? 2012 साली डेडमाऊस या कॅनडातल्या नामवंत इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने स्वतःच उघड लिहिलं होतं की मोठ्या मंचांवर आम्ही सगळे प्लेचं बटण दाबतो. दिवे, पडद्यावरची चित्रं, सगळं आधी जुळवलेलं. मध्येच गाणं बदललं तर डोलारा कोसळेल. त्या मानाने आपला ट्रॉलीवरचा पोरगा सतत बदलत असतो. खालून कार्यकर्ते ओरडत असतात, कोणाला कोळीगीत हवं, कोणाला हलगी, चौकात आलं की आरती, पुढच्या मंडळाशी गाठ पडली की वेगळंच काहीतरी. माझ्या कसोटीवर तो हजारो डॉलर घेणाऱ्या कित्येकांपेक्षा जास्त डीजे आहे.

त्याला जमत नाही ते एकच, आणि ते इथल्या तळघरांत पाहायला मिळतं. पहाटे पाचच्या आसपास पहिली ट्रेन सुटते. साडेचारपासून डीजे लय हळूहळू खाली आणायला लागतो. बेस पातळ होतो, गाण्यातले शब्द वाढतात, मग कधीतरी नुसता पियानो राहतो. माणसं आपोआप जाकिटं शोधू लागतात. कोणी ओरडत नाही, कोणाला बाहेर काढावं लागत नाही. आपल्याकडे दहाला पाच मिनिटं असताना बेस टिपेला असतो, मग पोलीस येतात, वायर निघते आणि अंगात आलेल्या दोन-तीनशे पोरांना अचानक शांततेत उभं केलं जातं. पुढे काय होतं ते आपण दरवर्षी पेपरात वाचतो. सुपारी देताना मंडळं किती टॉप, किती बेसचे स्पीकर, कोणते लाइट एवढंच विचारतात. शेवटची वीस मिनिटं कशी उतरवणार, हे विचारणारा अध्यक्ष माझ्या तरी ऐकण्यात नाही.