वॉटरपार्कला जाताय? मग अंघोळ करून जाऊ नका

सुट्टी पडलीये, पोरं घरात एकमेकांच्या उरावर बसतायत, आणि तुम्ही कुठल्यातरी कमजोर क्षणी "नेतो बाबांनो वॉटरपार्कला" असं बोलून गेलाय, तर आता माघार नाही. माझ्यासारख्या अनुभवी माणसाचं ऐका. मी गेल्याच मे महिन्यात जाऊन आलोय. फोंड्याहून, नऊ जण, एक गाडी. गाडी सात सीटची आहे पण पोरं मोजायची नसतात.

आधी घरातला विरोध मोडून काढा. आमची आई म्हणाली, "गोव्यात राहून पाण्यात बसायला पैसे देणार?" तिचं म्हणणं असं की शंभरेक किलोमीटर समुद्र दारात पडलाय, फुकट, २००८ पासून तिथे जीवरक्षकही असतात, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये पोरांना सोडा आणि नजर ठेवा, झालं. नाहीतर केसरव्हाळच्या झरीवर चला, पूर्वी लोक अंगावरची खाज-खरूज घालवायला तिथे जायचे. आईचं बरोबरच आहे हो, पण बरोबर असणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो, "तुला नाही कळायचं" एवढं म्हणून गाडी काढायची. आणि समुद्रात वाळू असते. वाळू गाडीत येते, गादीत येते, गणपतीपर्यंत निघत नाही. शिवाय खरं दुःख वेगळंच होतं. बहीण आणि भावोजी कोल्हापूरहून पोरांना घेऊन चोर्ला घाट उतरून आले होते ते समुद्र बघायला, आणि आमच्या पोरांनी त्यांच्या पोरांना रात्रीतून असं काही पढवलं की सकाळी चारही पोरं एका आवाजात "समुद्र नको, स्लाइड!"

पार्क दहाला उघडतो, म्हणून घरातून दहाला निघा. पणजी, मांडवीचा पूल, मग पर्वरीत थांबून थांबून पुढे, आजूबाजूला भाड्याच्या स्कूटरवरचे टुरिस्ट मोबाईल बघत गाडी चालवतायत, मागे पोरं "आलं का?" विचारतायत. साडेबारा वाजता, ऊन बरोब्बर टाळूवर असताना पोचलात की वेळ साधली समजा.

आता तिकीट खिडकी. इथे उंचीवर हिशेब असतो, ठराविक उंचीच्या खाली तिकीट कमी, आणि उंच स्लाइडला मात्र साधारण चार फूट भरल्याशिवाय घेत नाहीत. म्हणजे तेच पोर खिडकीपाशी बुटकं पाहिजे आणि स्लाइडपाशी उंच पाहिजे. यासाठी त्याला घरीच तयार करा. आमच्या धाकट्याला मी खिडकीपाशी "जरा गुडघे वाकव" म्हटलं, त्याने एवढे वाकवले की खिडकीतल्या बाईंनी विचारलं, याच्या पायाला काही झालंय का. बहीण म्हणाली, "होय, लहानपणापासून आहे." तिकीट अर्धं लागलं. तासाभराने तेच पोर स्लाइडच्या जिन्याखाली रंगवलेल्या पट्टीपाशी टाचा वर करून, मान ताणून, केसांना पाणी लावून उभे करून उभं. तिथला मुलगा सराईत, त्याने पोराच्या खांद्यावर नुसता हात ठेवला, टाचा आपोआप खाली. चार बोटं कमी. मग अर्धा तास रडणं. त्या रडण्याचे पैसे तिकिटातच धरलेले असतात.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, तशी पाटी असते. पाट्या इतरांसाठी असतात. तुम्ही बिनधास्त न्या, पण मी केली ती चूक करू नका. भाजी-पाव टॉवेलमध्ये गेला, शेव-चिवडा बाळाच्या डायपरच्या पिशवीत गेला, पण मी हौसेने सहा मानकुराद आंबे घेतले होते. मे महिन्यातला पिकलेला मानकुराद तुम्ही कशातही गुंडाळा, तो लपत नाही. गेटवरच्या माणसाने पिशवी उघडलीसुद्धा नाही, नुसतं नाक वर केलं आणि म्हणाला, "पात्रांव, हें कितें?" मी म्हटलं साबण. आंब्याच्या वासाचा साबण घेऊन पार्कात येणारा इसम त्याने पहिल्यांदाच बघितला असावा. दोन मानकुराद तिथेच ठेवून आत गेलो. त्याने ते देठाकडून हुंगून बघितले, माणूस दर्दी होता, मला वाईट नाही वाटलं.

कपड्यांचं काय करायचं? नायलॉनचे घाला असं लिहिलेलं असतं, म्हणून सुती घाला. सुती कपड्याचे धागे सुटतात, ते फिल्टरमध्ये जाऊन अडकतात, पंपावर ताण येतो, ही त्यांची डोकेदुखी. आमच्या ताईने "मी फक्त पाय बुडवणार" असं जाहीर करून पंजाबी ड्रेस ठेवला अंगावर. पाय बुडवणार म्हणणाऱ्या बायका दहा मिनिटांत गळ्यापर्यंत असतात, हा निसर्गनियम आहे. शिट्टी वाजली, ताई बाहेर, भाड्याचा कॉश्च्युम घ्यायला रांगेत. तो कॉश्च्युम तिच्याआधी कुणी घातला होता हा विचार करायचा नाही. ओढणी मात्र खरंच काढून ठेवायला लावा बरं का, स्लाइडवर ती कशात अडकली तर थट्टा राहणार नाही.

आता मुख्य मुद्दा, अंघोळ. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्या अशी पाटी असते आणि शॉवरही असतात, रिकामे. त्यांच्या शेजारून पोरं पळत जातात आणि मागून आपण. पाण्यातच तर चाललोय, पाण्याआधी पाणी कशाला! मीही हेच म्हणालो. पण आमच्याबरोबर भावोजी होते आणि भावोजी हायर सेकंडरीला केमिस्ट्री शिकवतात. अशा माणसाला वॉटरपार्कला कधीही नेऊ नका, हा या लेखातला एकमेव मनापासून दिलेला सल्ला समजा.

झालं असं की मी काठावर उभा राहून छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "वा, काय क्लोरीनचा वास येतोय, पाणी स्वच्छ ठेवतात हं." भावोजी म्हणाले, "तो क्लोरीनचा नाही." मग सुरू. पाण्यातल्या क्लोरीनला घाम, अंगाचा मळ आणि लघवी भेटली की क्लोरामाइन नावाचा प्रकार तयार होतो, तो नाकाला झोंबणारा वास त्याचा, आणि डोळे लाल होतात तेही त्यानेच. चांगल्या राखलेल्या पाण्याला असा वास येतच नाही म्हणे. म्हणजे वास जितका जोरात तितका क्लोरीन आधीच कामाला लागून संपत आलेला. एक मिनिट अंगावर शॉवर घेतला असता तर बराचसा मळ बाहेरच राहिला असता. मी वेव्ह पूलकडे बघितलं. तिथे शेकडो माणसं होती आणि शॉवरखाली एक कावळा.

तुम्ही पोरांना हे सांगू नका. डोळे लाल झाले की "क्लोरीन जास्त टाकलाय वाटतं" म्हणा. आणि एखाद्या पोराचं पोट कालपासून बिघडलं असेल तर त्याला आवर्जून आणा, तिकीट काढून ठेवलंय, वाया कसं घालवायचं. भावोजी म्हणतात जुलाबाचे काही जंतू, त्यातला एक क्रिप्टोस्पोरिडियम, नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभर जगू शकतो, म्हणून जुलाब झालेल्या पोराला पाण्यात सोडूच नये, थांबल्यावरही काही दिवस नको. पण भावोजींचं काय, त्यांचं तिकीट मी काढलेलं. लघवीसाठी पोरांना तासातासाला बाहेर काढायचं असतं हेही ते म्हणाले. लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर पडून डोळे मिटलेल्या काकांना कोण काढणार बाहेर, ते काही बोलले नाहीत. काकांच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती बघून मी मात्र पुढच्या वळणाला उतरलो.

वेव्ह पूल हे मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण. सिमेंटचा उतार, त्याला निळा रंग, आणि त्याला म्हणायचं बीच. गोव्यात! पाच-सात किलोमीटरवर खरा अरबी समुद्र चोवीस तास लाटा मारतोय, आणि आपण सिमेंटवर मांडी घालून लाटा कधी सुरू होतात म्हणून भोंग्याची वाट बघतोय. खोल बाजूच्या भिंतीमागे बंद खोल्या असतात, त्यात मोठे पंखे हवा दाबतात, हवा पाण्याला ढकलते, झाली लाट. दहा-पंधरा मिनिटं चालतं, मग मशीन बंद. समुद्राला ही शिस्त नाही. भोंगा वाजला की सगळे एकदम खोल बाजूला धावतात, तुम्हीही धावा, पोराचा हात सोडा, त्याच हाताने मोबाईल धरून व्हिडिओ काढायचाय. लाइफगार्ड आहे की शिट्टी घेऊन! एका शिट्टीत पाचशे डोकी त्याने सांभाळायची, आणि आपल्याला आपली दोन सांभाळायची तर स्टोरी कोण टाकणार. पोर बुडायला लागलं तर ओरडेल असं वाटतं ना? ओरडत नाही, म्हणाले भावोजी. बुडणारं पोर श्वासासाठी धडपडत असतं, त्याला ओरडायला जमत नाही, सिनेमातल्यासारखे हात वर करून "वाचवा" वगैरे काही नसतं, शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. ताईने हे ऐकलं आणि माझा मोबाईल घेऊन सरळ लॉकरमध्ये टाकला. म्हणून माझ्याकडे त्या दिवसाचा एकही व्हिडिओ नाही, लोकांना पटतच नाही आम्ही गेलो होतो ते.

शेवटी स्लाइड. तुमचं वय पंचेचाळीस असेल, वजन ब्याण्णव असेल, कंबरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितलेला घरी राहिला असेल, तर उंचातली उंच स्लाइड निवडा, कारण खाली उभा असलेला धाकटा "बाबा घाबरला" असं परक्या माणसांना सांगत सुटलेला असतो. जिन्यावर तासभर रांग, पायऱ्या तापलेल्या, चपला खाली. रांगेत भावोजी सांगत होते की पहिला वॉटरपार्क म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९७७ साली अमेरिकेत ऑरलँडोला निघाला, मी म्हटलं भावोजी, आत्ता नको. वरच्या मुलाने सांगितलं, पाय क्रॉस, हात छातीवर, तोंड बंद. पुढे गेलेला कॉलेजचा सडपातळ पोरगा रमतगमत गेला. जड माणूस जास्त वेगाने जातो, हे मला अर्ध्या वाटेत स्वतःहून समजलं. पाय क्रॉस राहिले, हात छातीवर राहिले, तोंड काही बंद राहिलं नाही. "आई गंऽऽ" मधला गं लांबला आणि तेवढ्यात खाली पाणी आलं. चांगला मोठा घोट गेला. वर आलो तर काठावर भावोजी माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की त्यांना काही बोलायची गरजच नव्हती.

परतीला पोरं गाडीत एकमेकांवर झोपली, ओले टॉवेल माझ्या मांडीवर, आणि गाडीभर तोच वास. आता वास कशाचा ते माहीत होतं, काचा खाली केल्या. घरी जाऊन मस्त दोन बादल्या अंगावर घ्यायच्या एवढंच डोक्यात होतं. आणि फोंड्यात शिरता शिरता आठवलं की आज आमच्या नळाचा दिवस नाही. मे महिन्यात आमच्याकडे एक दिवसाआड येतं, विहीर तर तळाला लागलेली. दिवसभर लाखो लिटर पाण्यात लोळून आलेली नऊ माणसं आणि परसात एक पिंप, तेही पाऊण.

आई दारातच उभी होती. नाक मुरडून म्हणाली, "तसेच घरात यायचं नाही. मागे चला, आधी अंघोळ." पिंपाशेजारी पाट टाकला, तांब्या हातात घेतला आणि रांग लावली. मोठ्यांना दोन तांबे, पोरांना दीड. धाकट्याचा नंबर आला तसं तिने त्याला भिंतीला उभा केला, नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "तू एवढासा, तुला एकच पुरे."

त्याने टाचा वर केल्या.