दोन दिवसांनी फोन करा

सांगलीच्या आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने पाटी लावलीय: 'चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही.' भावाने घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला आणि काका उसळले. साध्या खोकल्याला आता डॉक्टरची फी भरायची? आत्याने मला मध्ये ओढलं, "तुमच्या हॉलंडात बघ कशी शिस्त असते!"

असते खरी. आइंडहोवनमधल्या पहिल्या हिवाळ्यात दहा दिवस खोकत होतो. इथल्या फॅमिली डॉक्टरने, म्हणजे हाउसआर्ट्सने, छाती तपासली, बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि काही मिनिटांत सीआरपीचा, म्हणजे अंगातला दाह किती आहे ते दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचा, आकडा सांगितला. अशा खोकल्यात तो 20 च्या आत असला तर सहसा अँटिबायोटिक देत नाहीत, 100 च्या वर गेला तर देतात. माझा 12. "पॅरासिटामॉल घ्या. श्वास लागला किंवा ताप चढला तर लगेच, नाहीतर दोन दिवसांनी फोन करा." मी मनातून चिडलो होतो. ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या बॅगेत होत्याच, मेतकुटाच्या डब्याशेजारी. घेतल्या नाहीत. खोकला आपसूक गेला.

पण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते 'फोन करा'. विम्याचा हप्ता जातोच, हाउसआर्ट्सकडे पुन्हा गेलं तर वेगळे पैसे पडत नाहीत. आजारपणाचा पगारही कंपनी देते. थांबून बघणं मला परवडतं. सांगलीत रोजंदारीवरच्या माणसाला दुसरी खेप म्हणजे पुन्हा फी आणि बुडालेला रोज. मग डॉक्टरही पहिल्याच खेपेला 'असू द्या' म्हणून गोळी लिहितो.

कायदा आपल्याकडेही आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या एका खास यादीतल्या औषधांची (त्यात काही अँटिबायोटिकही येतात) दुकानदाराने नोंद करून ती वही तीन वर्षं जपायची आहे. आणि डच काही जन्मजात शहाणे नाहीत. माणसांना हात आखडून देणारा हाच देश डुकरांना-कोंबड्यांना सढळ हाताने अँटिबायोटिक चारत होता. 2009 नंतर सरकारने उद्दिष्ट ठरवलं, फार्मनिहाय हिशेब लावला, तेव्हा कुठे जनावरांसाठीची विक्री निम्म्याच्याही खाली आली.

पाटी हवीच. पण नुसत्या पाटीने भागेल असं मला वाटत नाही. काकांना ग्रुपवर विचारलं, "दुसऱ्यांदा दाखवायला फी नसती तर थांबला असतात का?"

काकांचं उत्तर आलं, "रिक्षाचे कोण देणार?"