पॉली कूपर, पांढरा मका आणि चाळलेली राख

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या पोस्टी फिरायला लागल्या की एक चित्र हमखास दिसतं. व्हॅली फोर्जची छावणी, गुडघाभर बर्फ, उपाशी सैनिक आणि मक्याची टोपली पुढे करणारी, ओनायडा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची पॉली कूपर. खाली ‘माणुसकीला धर्म नसतो’ छापाची ओळ. बाईचं नाव लोकांपर्यंत जातंय हे चांगलंच. पण त्या चित्रात तिचं खरं काम कुठेच नाही, आणि बर्फ तर बहुधा चुकीचाच आहे.

तारखा बघा. वॉशिंग्टनचं सैन्य, साधारण १२,००० माणसं, १९ डिसेंबर १७७७ ला पेनसिल्वेनियातल्या व्हॅली फोर्जला उतरलं आणि १९ जून १७७८ ला तिथून हललं. अन्नाचे सगळ्यात जास्त हाल झाले फेब्रुवारीत. मार्चमध्ये नॅथॅनिएल ग्रीनकडे सामान-वाहतुकीचं खातं आलं आणि पुरवठा हळूहळू रुळावर आला. ओनायडांची पन्नासेक जणांची तुकडी पोचली ती मेच्या मध्यावर. पॉली कूपर त्यांच्याबरोबर होती, असं ओनायडा घराण्यांमधली मौखिक परंपरा सांगते. म्हणजे झाडांना पालवी फुटलेली असणार.

दुसरी गोष्ट वजनाची. ‘शेकडो बुशेल मका आणला’ असं सर्रास लिहितात. सोललेल्या मक्याचं एक बुशेल ५६ पौंडांचं, म्हणजे सव्वापंचवीस किलोच्या वर. नुसते ३०० बुशेल धरले तरी साडेसात टन होतात. पन्नास माणसांत वाटले तर माणशी दीडशे किलो. ओनायडांच्या गावांपासून व्हॅली फोर्ज सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर आहे, पायवाटेने त्याहून बरंच जास्त. हे पाठीवरून नेता येत नाही. आणि समजा नेलं, तरी माणशी रोज एक पौंड धरला तर १२,००० तोंडांना ते दीड दिवससुद्धा पुरत नाही. ‘एका बाईने उपाशी सैन्य वाचवलं’ हे वाक्य त्यामुळे सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ते सोडलं म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

मग तिने केलं काय? परंपरा सांगते की सैनिक कच्च्या मक्यावर तुटून पडायला निघाले, तिने त्यांना अडवलं आणि शिजवायची रीत शिकवली. यावर लोक लगेच म्हणतात, गोऱ्यांना मका ठाऊकच नव्हता. काहीतरीच! न्यू इंग्लंडची पोरं मक्याच्या पिठावरच वाढली होती. पण ते चक्कीतून दळून आलेलं पीठ. ओनायडांचा पांढरा मका आला तो अख्खा, वाळलेला. छावणीत त्याचं पीठ कुठून करणार? तो दाणा दगडासारखा कडक. वरचं टरफल नुसत्या पाण्यात तासन् तास उकळलं तरी सुटत नाही आणि पोटात गेलं तर पचत नाही. वाळका दाणा पोटातच पाणी पिऊन फुगतो. महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या, हगवणीने खंगलेल्या माणसाने तो मूठमूठ खाल्ला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

यावरचा उपाय चुलीतच असतो. लाकडाची राख चाळून पाण्यात उकळायची आणि त्यात मका टाकायचा. राखेतल्या क्षाराने टरफलाला धरून ठेवणारा चिकट भाग विरघळतो. पांढरे दाणे पिवळे पडतात. दाणा बोटात धरून चोळला की साल सरकन् निघते, तीच उतरवायची वेळ. मग मका खास विणलेल्या टोपलीत ओतून वाहत्या पाण्यात खळखळून धुवायचा. टोपली म्हणजे आपली रोवळीच समजा, फक्त विण अशी की टरफलं घासली जाऊन बाहेर पडतात. धुतलेला दाणा साध्या पाण्यात पुन्हा दोन-तीन तास शिजवला की टपोरा फुलतो. त्यात घेवड्याचे दाणे, मांस असेल तर मांस. भाकरीसारखं हवं असेल तर ओला दाणा उखळात कांडून, चाळून, गोळे थापून उकळायचे.

राखेने आणखी एक गोष्ट साधते. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं अडकलेलं असतं की शरीराला मिळत नाही. क्षाराने ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, राखेची रीत नेली नाही. स्पेन-इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन न मिळाल्याने होणारा रोग, झाला, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं मेली.

या सगळ्यात ‘दया’ हा शब्द मला खटकतो, आणि त्याचं कारण ओनायडांच्या समाजाची घडी. ओनायडा हे होडेनोशोनी, म्हणजे इरोक्वा संघातले. तिथे शेत बायकांचं, पीक बायकांचं, कोठारही बायकांच्याच ताब्यात. मोहिमेवर निघालेल्या पुरुषांची शिदोरी, म्हणजे भाजलेल्या मक्याचं पीठ, त्याच बांधून देत. लढाई पटली नाही तर देत नसत, आणि मग मोहीम अडे. कोठारातला मका छावणीकडे निघाला याचा अर्थ बायकांनी होकार दिला होता. पॉली कूपर पुरुषांच्या मागे टोपली घेऊन चाललेली बाई नव्हे, ज्यांचा माल त्यांच्यापैकीच एक होती. आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट १७७७ ला, ओरिस्कनीच्या लढाईत हॅन येरी या ओनायडा योद्ध्याच्या मनगटात गोळी लागली तेव्हा त्याची बायको त्योनाजानेगेन शेजारी उभी राहून त्याची बंदूक भरून देत होती.

या पक्षनिवडीची किंमत ओनायडांनी मोजली. २० मे १७७८ ला बॅरन हिलला, वॉशिंग्टनचा फ्रेंच सेनानी लाफायेत याच्या माणसांच्या बाजूने लढताना त्यांचे सहा जण पडले. संघातले मोहॉक, सेनेका इंग्रजांच्या बाजूने होते, म्हणजे भाऊबंदांशीच लढाई. १७८० मध्ये त्यांचं मुख्य गाव कानोनवालोहाले जाळलं गेलं. पॉली कूपरने पैसे नाकारले आणि तिला एक काळी शाल मिळाली, असं परंपरा सांगते. ती शाल वंशजांनी जपून ठेवली आहे. जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारशी झालेल्या १७९४ च्या तहात नुकसानीपोटी ५,००० डॉलर, जळलेल्या चर्चसाठी १,००० आणि एक पिठाची व एक लाकूडकापणीची गिरणी कबूल झाली. त्याच काळात न्यूयॉर्क राज्य तहावर तह करून जमीन काढून घेत होतं. साठेक लाख एकरांपैकी १९२० च्या सुमाराला ३२ एकर उरले. काही व्यवहार बेकायदा होते हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते १९८५ ला.

कुणाला करून बघायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. स्वीटकॉर्न किंवा पॉपकॉर्न चालणार नाही, पूर्ण वाळलेला गावठी मका हवा. सातपुड्यात पिकतो तसा पांढरा मिळाला तर उत्तम. चार वाट्या मक्याला एक वाटी बारीक चाळलेली राख आणि मका बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी. राख बाभूळ, चिंच अशा कठीण लाकडाची. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, कोळशाच्या विटा यांची राख अजिबात नको. भांडं स्टील किंवा लोखंडाचं, ॲल्युमिनियम क्षाराने खाल्लं जातं. अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी एक दाणा चोळून बघा. साल हटत नसेल तर राख कमजोर आहे, अजून थोडी घाला. जास्त उकळला तर दाण्याचा लगदा होतो. पाणी हाताला बुळबुळीत लागतं आणि डोळ्यात उडालं तर इजा करतं, तेव्हा जपून. चार-पाच पाण्यांनी तरी धुवा. खाताना साबणासारखी चव लागली तर धुणं कमी पडलंय, पुन्हा धुवून ताज्या पाण्यात एक उकळी काढा.